विषय : रविवार

पत्र हातोहात द्यावं, आणि घेणाऱ्याने वहीत 'मिळाले' असं लिहून खाली सही करावी. एवढं एक जगात नीट झालं तर निम्मी भांडणं जागच्या जागी मिटतील, असं जावकरावांचं ठाम मत होतं. मत असायला आधारही होता. ते एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात अकरा वर्षं कारकून होते. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. बाकी कचेरीत, गल्लीत आणि पुढे सासरीसुद्धा ते जावकराव. त्यांच्या टेबलावर आलेल्या पत्राने कधी तिथे रात्र काढली नाही. बाहेर जाणारं पत्र त्याच दिवशी बाहेर जायचं, आणि 'मिळाले' हा त्यांना भाषेतला सगळ्यात गोड शब्द वाटायचा.

अशा माणसाच्या घरात एक प्रकरण चौदा महिने निकालाविना पडून असावं, याला काय म्हणावं.

प्रकरण असं. जावकराव कॅथलिक, बायको प्रॉटेस्टंट. बायको शाळेत गणित शिकवायची, म्हणून गल्ली तिला बाई म्हणायची, आणि काही चुकलं की जावकरावही बाईच म्हणायचे. लग्न कुठल्या चर्चमध्ये लावायचं यावर दोन्ही घरांत इतकी चर्चा झाली, की शेवटी हे दोघं सरळ निबंधकाच्या कचेरीत गेले, सह्या करून मोकळे झाले, आणि 'चर्चचं मागाहून बघू' असं ठरलं. आता हे 'मागाहून बघू' एकदा घरात शिरलं की पोटभाडेकरूसारखं असतं. ते काही आपणहून उठून जात नाही.

दर रविवारी पावणेआठला दोघं घराबाहेर पडायचे. चौकापर्यंत सोबत. चौकात औषधाचं दुकान होतं, तिथे जावकराव डावीकडे वळायचे आणि बाई उजवीकडे. कारण दोन्हीकडची वेळ आठच. चौदा महिने हा क्रम बिनबोभाट चालला. आणि एका रविवारी औषधवाल्याने अर्धं शटर वर करून विचारलं, "काय हो, भांडण अजून मिटलं नाही का?"

"कसलं भांडण?"

"ते मला काय माहीत. पण दर रविवारी इथवर येता आणि तोंडं फिरवून जाता. मी म्हटलं, नवरा-बायकोच्या मध्ये पडू नये, म्हणून चौदा महिने गप्प बसलो."

बाईंना तिथे हसू आवरेना. पण संध्याकाळी वह्या तपासता तपासता त्यांनी लाल पेन खाली ठेवलं. "अहो, त्या माणसाचं काही चुकलं नाही. आठवड्यात सहा दिवस तुम्ही कचेरीत, मी शाळेत. एक रविवार सापडतो, त्यातही मी तिकडे एकटी. मला एकदा तुमच्या शेजारी बसून डोळे मिटायचेत. बाकी मला काही नको. डावीकडे बसवा, नाहीतर उजवीकडे, पण शेजारी बसवा."

हे ऐकून जावकरावांना मनापासून वाईट वाटलं. आणि मनापासून वाईट वाटलं की ते जे करायचे तेच त्यांनी केलं. कपाटातून कोरी फाईल काढली, तिला लाल फीत ओवली, आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'विषय : रविवार'.

आता प्रकरण फायलीवर आलं म्हटल्यावर ते गल्लीत जायला कितीसा वेळ. वरच्या मजल्यावर एक निवृत्त मोजणीदार राहत. जमिनी मोजण्यात हयात गेली होती, आणि निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नव्हतं. ते काठी घेऊन निघाले आणि चौकापासून दोन्ही चर्चपर्यंतची पावलं मोजून आले. "डावीकडे सहाशे बारा. उजवीकडे पाचशे अठ्ठ्याण्णव. चौदा पावलांचा फरक. निर्णय तुमच्यासमोर आहे." बाई म्हणाल्या, चौदा पावलं तर तुम्ही वाटेत कुत्रं चुकवायला वळलात तरी भरतात. मोजणीदारांनी याचा राग धरला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून आले. आता फरक नऊ पावलांचा निघाला, आणि तोही उलटा.

खालच्या मजल्यावरच्या शिवणकाकूंचं म्हणणं सोपं होतं. "नवऱ्यामागे बायकोने जावं, नाहीतर बायकोमागे नवऱ्याने जावं, पण कुणीतरी कुणाच्या तरी मागे जावं. दोन बाह्या दोन दिशांना ओढल्या तर झगा कुठे बसतो?" कुणामागे कुणी, हे विचारल्यावर मात्र काकूंनी तोंडात टाचण्या धरल्या.

जावकरावांची गाडी आधी अडली ती कायदेशीर बाजूवर. सरकारी नोकर एका कचेरीतून दुसरीकडे जातो तेव्हा पहिल्या कचेरीने त्याला कार्यमुक्त करावं लागतं. चर्चला वेगळा नियम कसा असेल? ते अर्ज घेऊन आपल्या फादरांकडे गेले. फादर बागेत झारी घेऊन उभे होते. उमेदीचे गृहस्थ, बोलणं तडकाफडकी.

"ना हरकत दाखला?" फादर म्हणाले. "कशाबद्दल?"

"समजा, उद्या आम्ही दोघांनी तिकडे जायचं ठरवलं, तर आपली हरकत नाही याबद्दल."

"पण माझी हरकत आहे ना."

अकरा वर्षांत असा सरळ शेरा जावकरावांनी वाचला नव्हता. "मग हरकत असल्याचं तरी लेखी द्या," ते म्हणाले. "फायलीला काहीतरी लागेल."

फादरांनी झारी खाली ठेवली. "हे बघा, कागद राहू द्या. एका रविवारी बायकोला इकडे आणा, एका रविवारी तुम्ही तिकडे जा. बसून बघा. बसल्याशिवाय माणसाला खुर्ची कळत नाही."

सल्ला शहाणा होता. फक्त बसण्यातच सगळी मेख आहे, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

पहिला रविवार डावीकडचा. बाई नवी साडी नेसून आल्या. चौकात दोघं सोबत डावीकडे वळले तेव्हा औषधवाल्याने हात जोडून वर पाहिलं. चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर जावकरावांची आई आधीच बसली होती. ही माऊली थोरल्या मुलाकडे राहायची, पण रविवारी तिसरा बाक तिचा आणि तिच्या उजव्या हाताची जागा जावकरावांची, ते तोंडातून बोबडे बोल येत होते तेव्हापासूनची. सूनबाई आल्या याचा तिला इतका आनंद झाला की ती उठली, सुनेला भिंतीकडच्या जागेवर बसवलं, लेकाला वाटेकडच्या, आणि स्वतः मधोमध बसली. "आता कसं दोन्ही बाजूंना माझी माणसं," ती म्हणाली.

बिचारीला तोंडावर काय सांगणार? बाईंनी आईच्या पदरावरून जावकरावांकडे बघितलं, जावकरावांनी छताकडे. बरं, या चर्चमध्ये उठणं, बसणं आणि गुडघे टेकणं ठरलेल्या क्रमाने होतं. जावकरावांना तो क्रम झोपेतही जमला असता. बाई मात्र सगळे बसले की उठत आणि सगळे उठले की गुडघे टेकत. शेजारी असते तर कोपराने खूण केली असती. आता कोपर आईच्या बरगडीत जात होतं, आणि दर खुणेला आईच उठून उभी राहत होती.

गाण्याला तर कहरच झाला. इथले लोक गाणं तोंडातल्या तोंडात म्हणत, दुसऱ्याची झोपमोड होऊ नये अशा बेताने. बाई लहानपणापासून चारही कडवी खड्या आवाजात म्हणणाऱ्या. पहिल्याच ओळीला दोन बाक मागे वळले. दुसऱ्या कडव्याला वेदीवरून फादरांनी मान वर केली. तिसऱ्या कडव्याला पेटीवाल्याने हरून सूर बदलला. आई मात्र सुनेकडे कौतुकाने बघत होती. तिला अलीकडे कमी ऐकू यायचं, आणि चर्चमधलं गाणं तिला कित्येक वर्षांनी नीट ऐकू आलं होतं.

मिस्सा, म्हणजे इकडची उपासना, संपल्यावर फादर दारातच उभे. "बाई, आमच्या मुलांच्या गायनवर्गाला शिक्षक नाही. चोवीस मुलं आहेत आणि चोवीस सूर आहेत. फक्त एक-दोन रविवार." बाईंना नाही म्हणता आलं नाही. बेशिस्त वर्ग उघड्यावर पडलेला बघून शिक्षक पुढे जाऊ शकत नाही, तो आजारच आहे.

दुसरा रविवार उजवीकडचा. हे चर्च जुनं, दगडी, आणि छपराच्या उत्तर बाजूला गळकं. दारात सासरे उभे होते. सासरे निवृत्त ग्रंथपाल, शिवाय मंडळीच्या, म्हणजे इथल्या भाविकांच्या, पंचकमिटीचे अध्यक्ष. चाळीस वर्षं वाचनालयात काढल्यामुळे त्यांचा आवाज कुजबुजीच्या वर कधी गेला नव्हता. घरात दूध उतू गेलं तरी ते कुजबुजून सांगत. त्यांनी जावयाचा हात धरला, "या, इकडे," असं कानात म्हटलं, आणि डाव्या बाजूला नेऊन बसवलं. जावकरावांनी मागे वळून पाहिलं तर बायको उजव्या बाजूला जाऊन बसलीसुद्धा. मधल्या वाटेच्या एका अंगाला सगळे पुरुष, दुसऱ्या अंगाला सगळ्या बायका.

"हे काय?" ते कुजबुजले. सासऱ्यांशी बोलताना सगळेच कुजबुजत.

"पूर्वीपासून असंच आहे," सासरे म्हणाले.

बाई वाटेपलीकडून खाणाखुणांनी माफी मागत होत्या. त्यांना हे आठवलंच नव्हतं. जन्मापासून जी गोष्ट दर रविवारी बघितली, ती कोण लक्षात ठेवतं?

तेवढं होतं तोवर ठीक होतं. उपासना निम्म्यावर आली आणि इकडचे धर्मगुरू, पाळकसाहेब, प्रसन्नपणे म्हणाले, "आज अध्यक्षसाहेबांचे जावई आपल्यात आहेत. ते प्रार्थना करतील."

आता इथे जावकरावांची बाजू समजून घ्यायला हवी. त्यांच्या बाजूला प्रार्थना पाठ असतात. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी जाणत्या माणसांनी मसुदा केला, तो मंजूर झाला, आपण फक्त म्हणायचा. उभं राहून, आयत्या वेळी, मनाने प्रार्थना रचायची, ही कल्पनाच त्यांना पोरकं करून गेली. ते उभे राहिले. दीडशे माणसांनी डोळे मिटले. जावकरावांना मनाने रचता येणारा मजकूर जगात एकाच प्रकारचा होता.

"महोदय," ते म्हणाले.

पुढे काय? त्यांनी वर पाहिलं. वर ओलीचा मोठा डाग होता. देवाने विषय दिला.

"विषय, येथील चर्चच्या गळक्या छपराबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस नम्रपणे कळविण्यात येते की, सदर छप्पर उत्तरेकडील बाजूने गळत असून, त्याखाली बसणारे भाविक उपदेशाच्या वेळी वारंवार जागा बदलताना आढळून येतात. या संदर्भात मंडळीने आपणांकडे यापूर्वीही तोंडी विनंती केली असल्याचे समजते. तरी सदर बाब निकडीची समजून त्यावर योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती. सोबत," इथे ते अडले, कारण सोबत काहीतरी जोडावंच लागतं, "सोबत मंडळीचा विश्वास जोडला आहे. कळावे. आपला विश्वासू."

इथे थांबले असते तर सगळं निभावलं असतं. पण अकरा वर्षांची सवय. जिभेने थांबायचं नाव घेतलं नाही. "प्रत माहितीसाठी सविनय सादर," ते म्हणाले, "पवित्र मरिया..."

आणि आपण कुठल्या बाजूच्या चर्चमध्ये उभे आहोत हे त्यांना आठवलं. इकडे मरियेची प्रार्थना करत नाहीत. पुरुषांच्या बाजूला दोन-तीन डोळे उघडले. बायकांच्या बाजूने कुणाचा तरी श्वास आत गेल्याचा आवाज आला.

"आमेन," सासरे ओरडले. होय, ओरडले. त्यांचा आवाज एवढा मोठा आहे हे त्यांच्या लेकीलाही त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ओरडून झाल्यावर ते स्वतःच इतके दचकले की पुढची दहा मिनिटं त्यांना उचकी लागली.

जावकरावांना वाटलं, आता आपल्याला सन्मानाने बाहेर काढतील. धरणी दुभंगावी असं त्यांना फार वाटलं. पण उपासनेनंतर चहाच्या टेबलाजवळ पंचकमिटीने त्यांना गाठलं, आणि एकेक जण हात हातात घेऊन म्हणू लागला की एवढी मुद्देसूद प्रार्थना या छपराखाली कधी झाली नव्हती. मंडळीचा छप्पर दुरुस्तीचा अर्ज नगरपालिकेत तीन वर्षं पडून होता. असा माणूस मिळाला तर छप्पर झालंच समजा. सगळ्यांचं एकमत झालं आणि बिस्किट संपायच्या आत जावकराव दुरुस्ती समितीचे कार्यवाह झाले. सभा दर रविवारी, उपासनेनंतर लगेच. त्यांनी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण तीन वर्षं पडून असलेला अर्ज, हे शब्द कानावर पडले आणि त्यांनी अर्जाची तारीख विचारली.

मध्ये एक तिसरा रविवारही झाला. शिवणकाकूंनी सुचवलं, की तुझं नको माझं नको, तिसरंच बघा. ते चर्च व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर भरायचं. माणसं फार प्रेमळ, ढोल मोठा. तिथे शेजारी उभं राहता आलं, पण बसता आलं नाही, कारण तिथे कुणी बसतच नव्हतं. अडीच तास सगळे हात वर करून उभे. डोळे मिटायची सोय नव्हती. मिटले की मागचा माणूस उडी मारून पायावर यायचा. घरी आल्यावर दोघांनी पाय गरम पाण्यात ठेवले. बाई म्हणाल्या, चला, निदान एका बादलीत शेजारी शेजारी पाय तरी बसले.

आणि मग चौथा रविवार उजाडला. बाईंचा गायनवर्ग डावीकडच्या चर्चमध्ये. जावकरावांची सभा उजवीकडच्या. दोघं पावणेआठला निघाले, चौकात आले. बाई डावीकडे वळल्या आणि जावकराव उजवीकडे.

औषधवाला अर्ध्या शटरखाली वाकून बघत राहिला. "बाजू बदलल्या," तो हळहळून म्हणाला. "म्हणजे प्रकरण फारच विकोपाला गेलं."

सहा रविवार असेच गेले. एवढा खटाटोप करून बायकोला शेजारी बसवायचं राहिलं बाजूला, उलट आपल्याच चर्चमधून ते बाहेर आणि तिच्याच चर्चमधून ती. तिसऱ्या बाकावर आता सासू-सून बसत आणि जावकरावांची जागा मोकळी असे. आई तिथे पिशवी ठेवायची. मोजणीदारांनी सांगितलं की दोघांच्या मध्ये आता एकूण बाराशे दहा पावलं आहेत. त्यांना हे सांगायला कुणी सांगितलं नव्हतं.

दुःख विसरायला जावकरावांनी स्वतःला छपराच्या अर्जात झोकून दिलं. नगरपालिकेत त्यांना कळलं की अर्ज हरवला नव्हता, तो उद्यान विभागात होता. मूळ अर्जात 'छपरावर झाड उगवले असून' असं वाक्य होतं. झाड म्हटल्यावर तो अर्ज बागेकडे गेला, आणि उद्यान विभाग तीन वर्षं नेमाने उत्तर देत होता की झाड निरोगी असून तोडण्यास परवानगी नाही. पंचकमिटीला वाटायचं हे छपराबद्दलच काहीतरी आहे. जावकरावांनी एका अर्जाचे दोन केले, झाड वेगळं आणि छप्पर वेगळं, आणि पाचव्या आठवड्यात दोन्ही परवानग्या हातात आल्या. झाड कुंडीत, छप्पर दुरुस्तीला. सासऱ्यांनी आनंदाने काहीतरी म्हटलं, पण ते कुणालाच ऐकू आलं नाही.

फक्त छप्पर काढल्यावर मंडळी बसणार कुठे? जवळपास मोठी जागा एकच, कॅथलिक चर्चच्या आवारातला हॉल. कार्यवाहांनी रीतसर पत्र लिहिलं आणि पोचपावती लावून टपालाने पाठवलं. आता तिकडे काय झालं होतं, तर बाईंचं अक्षर बघून फादरांनी चर्चचा पत्रव्यवहारही त्यांच्याच गळ्यात घातला होता. म्हणजे जावकरावांनी घरातल्या टेबलावर लिहिलेलं पत्र चार दिवस फिरून चौकापासून सहाशे बारा पावलांवर पोचलं, आणि ते फोडलं त्याच टेबलाच्या पलीकडे जेवणाऱ्या बाईने.

तीन दिवसांनी उत्तर आलं. 'आपल्या पत्रात आवश्यक खुर्च्यांची संख्या नमूद नाही. तरी कळवावे.'

"अगं, एकशे पन्नास," जावकराव जेवताना म्हणाले.

"लेखी कळवा," बाई म्हणाल्या, आणि भात वाढला.

जावकराव घास तोंडात धरून बायकोकडे बघतच राहिले. आपण हिला अजून नीट ओळखलंच नव्हतं, असं त्यांना वाटलं. लग्नानंतर इतका प्रेमात पडल्यासारखा दिवस त्यांना आठवत नव्हता. त्यांनी ताबडतोब हात धुतले आणि पत्र लिहिलं.

हॉल मिळाला. आठला मिस्सा, ती आटोपली की साडेनऊला हॉलमध्ये उपासना. छपराचं काम होईपर्यंत. जावकरावांनी वेळापत्रक फायलीला लावलं आणि मग एकदम खाली बसले. आठ आणि साडेनऊ. दोघांना दोन्हीकडे जाता येणार होतं. हे त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं. ते फक्त खुर्च्या मोजत होते.

त्या रविवारी चौकात दोघं डावीकडे वळले. मिस्सा आईला मध्ये ठेवून झाली. पण खरी परीक्षा हॉलमध्ये होती. सासऱ्यांनी पहाटेच येऊन खुर्च्यांचे दोन भाग केले होते आणि मध्ये कुंड्यांची रांग मांडली होती, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. छपरावरचं झाडही त्यातल्याच एका कुंडीत होतं. जावकराव मुकाट्याने पुरुषांत जाऊन बसले. बाई कुंड्यांपलीकडे बसल्या. त्यांनी एकदाच नवऱ्याकडे पाहिलं, आणि मग गीताच्या पुस्तकात. ती नजर बघून जावकरावांना वाटलं, ही फाईल आता बंद करून टाकावी. काही प्रकरणं निकालाची नसतातच.

तेवढ्यात दारात आई दिसली. सुनेच्या माहेरचे लोक कसे काय भक्ती करतात ते बघायला ती थांबली होती. दोन बायका अदबीने पुढे झाल्या आणि तिला उजवीकडे न्यायला लागल्या. आई थबकली.

"माझा लेक कुठे बसलाय?"

"ते तिकडे, पुरुषांत."

"मग मी इकडे कशाला?" असं म्हणून आईने एक कुंडी पायाने जराशी सरकवली, वाट केली आणि पुरुषांच्या मधून थेट जावकरावांपाशी येऊन त्यांच्या डाव्या बाजूला बसली. पिशवी मांडीवर घेतली. संपलं.

सासरे लगबगीने आले आणि वाकून कुजबुजले, "विहीणबाई, ही पुरुषांची बाजू आहे."

"काय?" आई म्हणाली.

"पुरुषांची बाजू," सासरे आणखी खालच्या आवाजात कुजबुजले.

"काय म्हणता ते मला ऐकू येत नाही हो. जरा मोठ्याने बोला."

चाळीस वर्षांचं वाचनालय सासऱ्यांच्या गळ्यात आडवं आलं. त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. ओरडण्याचा त्यांचा अनुभव चांगला नव्हता.

आणि मग कुंड्यांपलीकडे बाई उठल्या. त्यांनी पुस्तक मिटलं, साडी सावरली, आईने केलेल्या वाटेतून अलीकडे आल्या आणि जावकरावांच्या उजव्या हाताच्या खुर्चीवर बसल्या. सासऱ्यांनी मोर्चा तिकडे वळवला. "बाळ," ते कुजबुजले, "ही पुरुषांची..."

"काय, बाबा?" बाई म्हणाल्या. "ऐकू येत नाही."

सासरे लेकीकडे बघत राहिले. तिचे कान किती तिखट आहेत हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मग त्यांच्या मिशा जराशा हलल्या. ते वळले, कुंडी आणखी हातभर बाजूला केली, आणि जाऊन आपल्या जागेवर बसले. पलीकडून अजून तीन बायका उठल्याचा खुर्च्यांचा आवाज आला.

पाळकसाहेबांनी घसा साफ केला. "हा हॉल ज्यांच्यामुळे मिळाला, ते आपले कार्यवाह प्रार्थना करतील."

जावकराव उभे राहायला लागले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की उभं राहिलं तर शेजारी बसणं मोडेल. एवढ्या महिन्यांची मेहनत. ते पुन्हा बसले. "मी इथूनच करतो," ते म्हणाले. सगळ्यांनी डोळे मिटले. मागच्या रांगेतल्या जाणकारांनी विषय आणि संदर्भ ऐकायला कान टवकारले. जावकरावांना महोदय सुचेना. त्यांनी उजवीकडे पाहिलं. बाईंनी डोळे मिटले होते, हात मांडीवर होता, आणि कोपर त्यांच्या कोपराला लागलं होतं.

"मिळालं," जावकराव म्हणाले.

त्यांनी कोपर जराही हलू दिलं नाही. "आभारी आहे."

सगळ्यात आधी आमेन म्हटलं ते बाईंनी, खड्या आवाजात. आईलाही ऐकू गेलं आणि तिनेही म्हटलं.

परतताना औषधवाला दुकानाबाहेर येऊन उभा होता. "मिटलं वाटतं," तो म्हणाला. जावकरावांनी मान डोलावली. "तात्पुरतं," ते म्हणाले. "छप्पर होईपर्यंत."

छप्पर मात्र झालं, तेही वेळेआधी. जावकरावांच्या हाताखालचं काम रेंगाळणार कसं? नगरपालिकेचं पत्र आलं: काम पूर्ण झाल्याची पाहणी करायची आहे, सोयीची तारीख कार्यवाहांनी तीस दिवसांत कळवावी. पाहणी झाली की हॉल सोडायचा, आणि उपासना पुन्हा दगडी चर्चमध्ये, पुन्हा आठला.

एका शनिवारी सकाळी बाई कपाटात खडू शोधत होत्या. त्यांना तिथे, धुतलेल्या चादरींच्या खाली, ते पत्र सापडलं. त्यांनी तारीख पाहिली, आणि त्यांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. त्या पत्र घेऊन बाहेर आल्या. जावकराव दाढी करत होते. आरशात बायको दिसली, बायकोच्या हातात पत्र दिसलं, आणि त्यांचा ब्रश गालावरच थांबला.

"हे सतरा दिवस घरात आहे," बाई म्हणाल्या.

"हो."

"तुमच्याकडे."

"माझ्याकडे," जावकराव म्हणाले. फेसाखालीही ते लाल झालेले दिसत होते. "पाळकसाहेब म्हणाले घाई नाही. हॉलमधले पंखे चांगले आहेत. आणि फादरांनाही, त्यांचं म्हणणं, हरकत नाही. मी विचारलं होतं. लेखी नाही विचारलं."

बाईंनी मनात हिशेब केला. "तिसातून सतरा गेले, तेरा उरले. उद्याचा धरून दोन रविवार."

"दोन."

"आणि मुदत संपल्यावर?"

"मग ते स्मरणपत्र पाठवतात," जावकराव खालच्या आवाजात म्हणाले. "त्यालाही तीस दिवस असतात."

बाईंनी कपाटातून 'विषय : रविवार' ही फाईल काढली, पत्र नीट घडी करून तिच्यात सगळ्यात खाली घातलं, वरून लाल फीत बांधली, आणि नेहमीपेक्षा एक गाठ जास्त मारली.